चिंचेखालचं निकल

पप्पांनी गाडी विकायची ठरवली ती एका माणसाच्या विनोदामुळे.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, साधारण मधल्या वर्षांतली. दक्षिण मुंबईत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि माझ्या धाकट्या भावाने, बस्तूने, हट्टाने पप्पांची गाडी तिथे नेऊन उभी केली. विसाच्या दशकाच्या शेवटची विलायती गाडी. पांढरे हातमोजे घातलेले एक परीक्षक आले, दाराच्या पितळी हँडलवर टिचकी मारली आणि मागच्या घोळक्याकडे वळून म्हणाले, "ब्रास? ह्या गाडीला? काका, चर्चची घंटा वितळवलीत की काय?" पितळ त्याच्याही आधीच्या गाड्यांना असे; म्हणजे आमचं नंतर कुणीतरी बसवलेलं, खोटं. घोळका हसला. हसणाऱ्यांपैकी अर्ध्यांना पितळ आणि पिवळा रंग यातला फरक कळत नसावा, पण हसायला तेवढं लागत नाही.

पप्पा हसले नाहीत. रात्री ताटावर बसल्यावर म्हणाले, "खोटी गारी घरान ठेवाची नाय."

आमच्या घरची बोली ही अशी. आम्ही अंधेरी पूर्वेच्या एका जुन्या गावठाणातले मराठी ख्रिस्ती. आमच्याकडे गाडीची गारी होते आणि काळ्याचा काला. शाळेत सिस्टरांनी माझ्या जिभेवरून ती बोली खरवडून काढली, पण कानातून त्यांना ती काढता आली नाही.

ही गाडी पप्पांनी दुसरी मोठी लढाई संपल्यावर एका डॉक्टरांकडून घेतली. लढाईत दिवाबंदी होती, म्हणून तिचे दिवे, हँडलं, कड्या, सगळं चमकणारं काळ्या रंगाने माखलेलं होतं. ते काळं माझ्या आईने काढलं. आईला आम्ही आय म्हणायचो. आयने चिंच, विटेची भुकटी आणि नारळाचा काथ्या घेतला आणि हंडे घासावेत तशी गाडी घासली. आतून पिवळंधमक पितळ निघालं. मग दर सणाला घरातली भांडी आणि गाडी एकाच दिवशी घासली जाऊ लागली. गावठाणातली प्रत्येक नवरी त्या गाडीतून चर्चला गेली. नवरी म्हणून त्यात न बसलेली बहुधा मी एकटीच, आणि त्याबद्दल मला कुणाची सहानुभूती नको आहे.

म्हणजे पप्पांना दुखलं ते बक्षीस हुकल्याचं नव्हे. दुसऱ्यांच्या मुलींना आपण खोट्या गाडीतून नेलं, हे त्यांच्या मनाने घेतलं. चेंबूरच्या एका गिऱ्हाइकाने आधीपासून गाडी मागितली होती. पप्पांनी त्याला रविवारी यायला सांगितलं.

मी तेव्हा विम्याच्या कचेरीत स्टेनो होते. सोमवारी सकाळी रजेचा अर्ज टाकला. बस्तूला म्हटलं, "रविवारच्या आत खरी फिटिंगं शोधायची. स्कूटर काढ."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"काही नाही. तुला कळतं?"

त्याने स्कूटर काढली.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या शेडमध्ये आजोबांची गाडी झाकून ठेवलेली असेल, तर प्रवासाला निघण्याआधी एक करा: गाडीवरचा एक तरी तुकडा काढून बरोबर घ्या. तोंडी वर्णनावर दुकानदार त्याच्याकडे पडून असलेला माल देतो. मी मागच्या डाव्या दाराचं हँडल, त्याला चिकटून आलेली बिल्ल्यासारखी चकती आणि चार स्क्रू माझ्या जेवणाच्या डब्यात कापसात ठेवले. पुढचे तीन दिवस माझा डबा उघडला की लोक चपातीभाजीच्या अपेक्षेने वाकून बघत.

पहिला थांबा घराजवळच, अंधेरी-कुर्ला रस्त्यालगतच्या गाळ्यांच्या वसाहतीत. त्या रस्त्यावर तेव्हाही खड्ड्यातून रस्ता शोधावा लागे. आज वर मेट्रो धावते, खालची परिस्थिती मी तपासलेली नाही. एका क्रोमवाल्याकडे गेलो. आत हौदांना वाफ येत होती आणि घसा धरत होता. प्रश्न मी विचारत होते आणि तो उत्तरं बस्तूला देत होता.

"पीतल क्यों रखा है? क्रोम मारो. मुँह दिखेगा."

"माझं तोंड बघायला घरी आरसा आहे," मी म्हटलं. "ह्या काळातल्या गाडीला क्रोम होतं का?"

"भाईसाब, क्रोम सब गाडी को होता है."

बस्तूला ते पटलं. दिव्यांच्या दोन कड्या तो पिशवीत घेऊनच आला होता. "ठेवून जाऊ गं. दुसरं काही मिळालं तर परत नेऊ. नाही मिळालं तर निदान रविवारी पप्पांना काहीतरी पांढरं दाखवता येईल." माझं मन घेईना, पण त्या धुरात वाद घालण्यापेक्षा बाहेर पडणं बरं वाटलं. कड्या तिथे राहिल्या.

तिथून घाटकोपर. साकीनाका ओलांडून पुढे असल्फाच्या चढाला स्कूटर अशी कण्हत होती की मी उतरून चालत गेले. घाटकोपरला एका गल्लीत सायकलच्या घंट्यांना आणि लग्नाच्या बँडच्या वाद्यांना निकलचा मुलामा देणारा माणूस आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. बाहेर भिंतीला टांगलेली क्लॅरिनेटं आणि पिपाण्या होत्या, त्यामुळे दुकान चुकायची सोय नव्हती. मालकाचं नाव गफूरभाई. ते पायावर पाय टाकून बसले होते आणि सकाळपासून कुणावर तरी चिडलेले होते.

बस्तूने दारातूनच विचारलं, "निकल करते हो?"

"तू निकल," गफूरभाई म्हणाले.

"नाही हो, निकल, निकल..."

"सुना. बाहर निकल."

मला हसू आवरेना. मग मी पुढे होऊन एका टांगलेल्या क्लॅरिनेटच्या खुंट्यांना बोट लावलं आणि म्हटलं, "हे. हे करता का?" ते जरा नरमले. कालच एका बँडवाल्याने माल नेऊन तोंड दाखवलं नव्हतं, म्हणून आल्यागेल्याला ते हाकलत होते.

पण त्या खुंट्यांचा रंग माझ्या लक्षात राहिला. क्रोम निळसर असतं, दवाखान्यातल्या ट्रेसारखं. हे तसं नव्हतं. दुधात चमचाभर चहा पडावा तसं, किंचित ऊबदार पांढरं. आमच्या हँडलवर असं काही कधी असेल, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही. आम्ही बाजारात जे आयतं मिळतं तेच शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी मुलुंड. लाल बहादूर शास्त्री मार्गाने सरळ जायचं, डावी-उजवीकडे कारखान्यांच्या भिंती, मध्ये कुठे बिस्किटांचा वास, कुठे औषधांचा. स्टेशनच्या पश्चिमेला एका नटबोल्टच्या दुकानात मी आमचे स्क्रू काउंटरवर ठेवले. डोक्यावर सरळ एक खाच, आणि आटे आताच्या आट्यांपेक्षा जाड. दुकानदाराने त्याच मापाचे म्हणून फुलीच्या खाचेचे स्क्रू पुढे सरकवले, वर पिवळट इंद्रधनुष्यासारखा मुलामा.

"बेन, आ जुओ, नवो माल, गंज नहीं पकडेगा."

"ह्यावर फुली आहे."

"फुली तो अच्छी. पेचकस सरकेगा नहीं."

"माझ्या गाडीच्या जन्माच्या वेळी असली फुली निघाली नव्हती. तुमच्या आजोबांच्या फोटोत त्यांच्या हातात कॅल्क्युलेटर दाखवाल का?"

शेठना राग आला नाही. उलट त्यांनी आतल्या माणसाला हाक मारून जुन्या मापाचा डबा काढायला लावला. त्यात एका खाचेचे साधे पितळी स्क्रू निघाले, आट्यांना बरोबर बसणारे. त्या तीन दिवसांत आयतं मिळालेलं खरं हार्डवेअर तेवढंच. शेजारच्या दुकानात उभ्याने फाफडा खाल्ला. मिरच्या फार छान तळल्या होत्या, आणि बस्तू माझ्या वाट्याच्याही खाऊन गेला.

तिसऱ्या दिवशी बोरिवली. महामार्गाने गेलो. दहिसरच्या बाजूला एका वाडीत अगदी आमच्यासारखी गाडी ताडपत्रीखाली पडून आहे, असं मुलुंडच्या शेठनी सांगितलं होतं. वाडीच्या मालकिणीचं नाव सुमनताई. अंगणात वाल सोलत बसल्या होत्या.

"विकायची नाही," आम्ही तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या. "नटसुद्धा देणार नाही. आमच्या ह्यांची आहे. ह्यांच्या मागे मी हात लावू दिलेला नाही कुणाला."

"नको विकू. बघू तर देशील?" मी म्हटलं. वयाने आम्ही सारख्याच असू.

"तू कोण गं? पेपरवाली?"

"नाही. माझ्या बापाची गाडी खोटी म्हणालेत लोक. खरी कशी असते ते बघायला आलेय."

त्यांनी वालाचं सूप बाजूला ठेवलं आणि उठून ताडपत्री वर केली. धूळ, कोंबडीची पिसं, चारही टायर बसलेले. आणि मागच्या दाराला हँडल. त्यावर काळपट डाग होते, पण मी पदराने पुसलं तेव्हा खालून तोच रंग वर आला. दुधात चमचाभर चहा.

डबा उघडून आमचं हँडल मी शेजारी धरलं. तोच बाक, टोकाला तोच गोल मणी, खाली तीच कारखान्याची खूण, फक्त आमची पुसट. रंग सोडला तर जुळी बहीण. खोट्या वस्तूला कारखान्याची खूण कोण कोरत बसेल?

"बस्तू, पेचकस दे."

"कशाला गं? इथे नको खोलू, हरवेल."

मी त्याच्या हातातून घेतला. हँडलखालची चकती इतकी वर्षं कुणी सरकवलेली नव्हती. मळ आणि वाळलेली चिंच यांनी ती चिकटून बसली होती. पेचकसाचं टोक फटीत घालून मी ती फिरवली, कुरकुरली, आणि एकदम खाली घसरली.

चकतीखाली, जिथे काथ्या कधी पोचला नव्हता तिथे, हँडलच्या दांड्याभोवती एक पांढरं वळं होतं. त्याच्या वरच्या कडेला पांढरं विरळ होत होत पितळात मिसळलं होतं, पायरीच्या दगडाची कड झिजावी तसं.

सुमनताई वाकून बघत म्हणाल्या, "अगो बाई, घासून घासून काढलंत की सगळं! कोण होतं एवढं हौशी?"

"आमची आय," बस्तू म्हणाला.

तेव्हा ते सगळं एकदम माझ्या डोक्यात बसलं. दिवाबंदीच्या काळ्या रंगाखाली निकल होतं. आयने काळ्याबरोबर ते बरंचसं घासून काढलं, आणि उरलंसुरलं पुढे दर सणाला. पितळ वर आलं तेव्हा तिला वाटलं, आता कुठे स्वच्छ झालं. स्वयंपाकघरात पितळेचे हंडे असलेल्या घरातच ही चूक होऊ शकते. हातमोजेवाल्याच्या घरी घासायला बाई असणार.

आणि त्याच क्षणी मला दिव्यांच्या कड्या आठवल्या.

बोरिवलीहून अंधेरीला आम्ही ज्या वेगाने आलो त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, माझी भाचरं वाचतात. क्रोमवाल्याच्या गाळ्यात शिरले तेव्हा एक कडी पॉलिशच्या चाकावर होती. दुसरी बाकड्यावर.

"बंद कर ते!" मी मराठीत ओरडले. चाक थांबलं. भाषा कुठलीही असो, आवाज कळतो.

चाकावरची कडी हातात घेतली. आतून-बाहेरून गुळगुळीत पिवळी. काही राहिलं नव्हतं. बाकड्यावरची उलटी केली. आतल्या कडेला, रबर बसतं त्या खाचेत, पांढरी रेघ होती. अखंड.

"मॅडम, साफ किया है, थँक्यू बोलो," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी बोलत होता.

"थँक्यू," मी म्हटलं. "एवढं साफ केलंत की पुरावाच धुऊन टाकलात. बस्तू, उचल दोन्ही."

आता नवख्यांना माझी दुसरी सूचना, आणि ही पहिलीपेक्षा महत्त्वाची: जुना तुकडा कुणाच्याही चाकाखाली देण्याआधी त्याच्या पाठीमागे, खाचेत, स्क्रूच्या डोक्याखाली, रबराच्या आत बघा. मूळ रंग तिथे लपून बसलेला असतो. आजकाल लोक काहीतरी फवारून नवं जुनं करतात आणि त्याचे फोटो टाकतात. तो रंग पाठीमागेही तसाच असतो, त्यावरून ओळखावं.

रविवारी गिऱ्हाईक येण्याच्या आधी मी हँडल आणि कडी पप्पांच्या पुढ्यात ओट्यावर ठेवली. बोरिवलीला अशीच एक गाडी आहे एवढंच म्हटलं, बाकी सांगितलं काही नाही. आयुष्यभर इंजिनं उघडलेल्या माणसाला मी काय सांगणार? त्यांनी चष्मा लावला, चकती सरकवली, वळ्यावरून अंगठा फिरवला. कडीची खाच उजेडात धरली. मग मला विचारलं, "बोरिवलीची पन अशीच?"

"तीच. सख्खी बहीण. तिला कुणी घासलं नाही, एवढंच."

पप्पांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "आगो! हिकरं ये."

आय पदराला हात पुसत आली.

"तू गारीचा निकल खाल्लास."

"मी कवा काय खाल्ला?"

"चिंचेन घासून घासून. बघ. ह्या असा पांढरा व्हता सगला."

आयने वाकून वळं बघितलं. तिला जराही शरम वाटली नाही. "काला परला व्हता म्हनून घासला," ती म्हणाली. "चालीस नवऱ्या काल्या गारीन नेल्या असत्यास?"

पप्पा आधी तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. प्रदर्शनानंतर पहिल्यांदाच. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चेंबूरचं गिऱ्हाईक आलं, चहा प्यालं, सणाच्या उरलेल्या करंज्या खाल्ल्या आणि गाडी विकायची नाही हे ऐकून निघून गेलं. जाताना म्हणालं, "मॅडम, आधी कळवायचं ना." मी म्हटलं, आम्हालाही आत्ताच कळलं.

पुढच्या आठवड्यात सगळी फिटिंगं घेऊन आम्ही पुन्हा घाटकोपरला. ह्यावेळी पप्पाही होते. गफूरभाईंनी हौदात चमक आणणारं औषध घालतो म्हणून सांगितलं.

"नको," मी म्हटलं. "बँडला करता तसं. साधं. वरून हाताने कापडाने चोळा."

"साधा डल दिखेगा."

"दिसू दे."

"इतनी मेहनत, और डल?" ते पप्पांकडे वळले. "चाचा, आपकी बेटी ऐसी ही है?"

"जन्मापासून," पप्पा म्हणाले.

क्रोमपेक्षा स्वस्तात पडलं. चाकाखाली गेलेली कडीही बाकीच्यांबरोबर पांढरी झाली, पण पप्पा तिला पुढे कायम "ती डावी" म्हणत आणि तिच्याकडे जरा संशयानेच बघत. मुलुंडचे स्क्रूही निकलमध्ये बुडवून घेतले. फिटिंगं चढवून गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा गावठाणातले लोक येऊन बघून गेले. कुणी म्हणालं नवीन घेतली का, कुणी म्हणालं आधीची बरी होती. आय सगळ्यात शेवटी आली. एक फेरी मारली.

"मेल्या मानसाच्या तोंरासारखी दिसते," ती म्हणाली. "बरी हाय. पप्पा खूश ना? बस झाला."

त्यानंतर गाडी पुन्हा प्रदर्शनाला नेली नाही. बस्तूने विचारलं, पप्पा म्हणाले, कोणाला दाखवायची? गावठाणातल्या लग्नांना मात्र ती जात राहिली, आणि प्रत्येक वेळी आय मागे डावीकडे बसायची. त्या दारानेच ती चढायची, आणि चढता-उतरता हँडल पदराने रगडून पुसायची. ते हँडल माझ्या डब्यातून बोरिवलीला जाऊन आलं होतं.

आता पप्पा नाहीत, आय नाही. मी निवृत्त होऊन मुलुंडला राहते, त्याच शेठच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे. दुकान गेलं, तिथे मोबाईल विकतात. त्या प्रवासातून मला काय मिळालं याचा हिशेब मी अनेकदा मांडते. "मूळ" काय, यावर तेव्हा माझं मत ठाम होतं: कारखान्यातून निघालं ते मूळ. पण डॉक्टरांकडे ती गाडी पांढरी राहिली त्याच्या दुपटीहून जास्त वर्षं ती आमच्याकडे पिवळी होती. त्या नवऱ्यांच्या लग्नाच्या फोटोंत रंग दिसत नाही, पण गाडीची चमक दिसते, आणि ती आयची आहे. परीक्षक चुकला हे खरं. पितळ कुठून आलं हा त्याचा प्रश्न मात्र बरोबर होता. उत्तर ऐकायला तो थांबला नाही, माझा राग तेवढ्यापुरता अजून शिल्लक आहे.

गाडी आता बस्तूच्या मुलाकडे, रायनकडे आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला.

"आत्या, तू ते निकल कुठून केलं होतंस गं? चीटिंग झालंय तुझ्याशी."

"का रे?"

"सगळी फिटिंगं टकाटक आहेत. फक्त मागचं डावं हँडल. तिथलं निकल पार उडालंय, खालून पितळ दिसतंय. एकच पीस खराब कसा लागेल? चकतीखाली बघितलं तर तिथे मस्त पांढरं आहे."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला. त्याला वाटलं फोन कटला.

"हॅलो? आत्या? परत प्लेटिंग करून घेऊ ना?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "ते खराब नाही झालेलं रे. तुझी आजी बसायची तिथे."